पाच वर्षांचं कुलूप

सकाळी पावणेआठला देवीदासकाका टेस्टिंग रूमचं दार उघडायचे, चपला बाहेर काढायचे आणि ओढमशीनच्या लोखंडी खांबाला तळहातानं थोपटायचे, गोठ्यात शिरलेला माणूस बैलाला थोपटतो तसं. मग कॉम्प्युटर सुरू करायचे. तोंडात दोन ओळी असायच्या, स्वतःच्याच जुळवलेल्या:

लोखंडा रे लोखंडा, खरं सांग कानात,
खोटं बोलशीन तं, जाशीन भंगारात.

भंडाऱ्याकडच्या गावात तरुणपणी दंडारीत नाचलेला, गायलेला माणूस. एकतीस वर्षांपूर्वी भिलाईजवळच्या हथखोजला कारखान्यात आला, गळा लोखंडाच्या धुळीत बसला, पण ओळी जुळवायची खोड काही गेली नाही.

कारखान्यात मोठ्या शेडचे खांब बनत. ज्या प्लेटांचे खांब बनायचे त्या प्रत्येक प्लेटचा बोटभर रुंद तुकडा कापून काकांकडे यायचा. तो मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. किती जोराला तुटला तो आकडा कॉम्प्युटर लिहून घ्यायचा. चारशे दहाच्या वर तुटला तर प्लेट पास. खाली तुटला तर काका रंगाचा डबा उघडून प्लेटवर स्वतःच्या हातानं लाल पट्टा ओढायचे. तो पट्टा पुसा म्हणायची हिंमत मालकाच्या वडिलांनाही कधी झाली नव्हती.

आणि त्या कॉम्प्युटरला सुरुवातीचा हात काकांचाच लागे. सहा वर्षांपूर्वी तो नवा आला तेव्हा तिघांनी बसून पाहिलं, तिन्ही वेळा स्क्रीन गोठली. थोरल्या मालकांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "कपगते, आप हाथ लगाओ." काकांनी हात लावला, स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, आणि मशीन धावलं. तेव्हापासून सकाळी काकांच्या नावानं उघडलेला कॉम्प्युटर दुसऱ्या पाळीचा माणूस घरी जाईपर्यंत त्यांच्याच नावानं चालायचा. मध्येच बंद पडला तरी अडचण नव्हती. पासवर्ड म्हणजे काकूंचं नाव, तारा, आणि पुढे एक दोन तीन चार. ते सगळ्यांना पाठ. दुपारच्या पाळीचा नरेश बोपचे खुर्चीत बसता बसता हसायचा, "आमी तं काकूच्या नावानंच जगून राहिलो, काका."

"जगा बाप्पा," काका म्हणायचे. "पन हात माहा आहे, ध्यानात ठेवा."

दामिनी वाघाये ही कारखान्याची एकटी कॉम्प्युटरवाली. तिचे बाबा चरोद्याच्या यार्डात रेल्वेत होते, काकांच्या शेजारच्या गावचे. कॉलेज संपल्यावर घरी बसली होती, तेव्हा तिला मोटरसायकलवर मागे बसवून काकांनीच मालकांच्या, गौरव सरांच्या, केबिनमध्ये नेलं होतं. "माही पोरगीच समजा, साहेब." ती गोष्ट ती विसरली नव्हती.

जानेवारीत सर्वांत मोठ्या खरेदीदाराचं पत्र आलं. कारखान्याच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये राखणदार प्रोग्राम बसवा. कोण बसलं, कोणती फाईल उघडली, कधी बदलली, सगळं तो टिपेल. पण राखणदार स्वतःजवळ महिनाभराचंच ठेवतो, जुनं टाकून देतो. म्हणून त्याच्या प्रत्येक नोंदीची प्रत लगेच वेगळ्या क्लाउड साठ्यात गेली पाहिजे, आणि तो साठा पाच वर्षं कुलूपबंद पाहिजे. नाहीतर पुढची ऑर्डर नाही.

दामिनीला त्याला नऊ दिवस लागले. मुंबईचा साठा घेतला, त्याला नाव दिलं. राखणदाराला त्या साठ्यात फक्त लिहिता यावं, वाचता येऊ नये, अशी परवानगी तयार केली. किल्ल्या जुळेनात. जुळल्या तर नोंदी येईनात. टेस्टिंग रूममध्ये नेट बरं चालायचं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन तिथेच स्टुलावर बसायची.

"का भरून राहिली गं एवढं?" काकांनी विचारलं.

"याला बकेट म्हणते, काकाजी. इथं दिवसभर जे होते ते सारं याच्यात जाऊन पडते."

"बादली?" काका हसले. "बादलीत दिवस भरून राहिली तू! गळत नाई ना पन?"

"गळू नये म्हनूनच तं कुलूप आहे."

कुलपं दोन प्रकारची होती. एक असं, की गरज पडली तर सर्वांत वरच्या माणसाला उघडता येईल. दुसरं असं, की पाच वर्षं कोणालाच उघडता येणार नाही, लावणाऱ्यालासुद्धा नाही. पत्रात नुसतं 'कुलूप' लिहिलं होतं. दामिनीचं बोट दोन्हींच्या मध्ये थांबलं. तिनं काकांना सोपं करून सांगितलं.

काकांनी हातातला तुटका नमुना टेबलावर ठेवला. तुटलेल्या जागी लोखंड ताज्या उसासारखं चमकत होतं. "कुलूप लावाचं तं असं लाव," ते म्हणाले, "का चावी घरवाल्याजवळबी नसावी. खऱ्याले कायचं भेव?"

तिनं दुसरं लावलं.

खरेदीदाराला पाठवायच्या फॉर्मवर एक ओळ उरली होती: प्रत्येक कर्मचारी स्वतःच्याच लॉगिननं काम करतो का? होय किंवा नाही. तिनं नरेशसाठी वेगळं लॉगिन करून पाहिलं तेव्हा टेस्टिंगचा प्रोग्राम उघडलाच नाही. "पाहा," नरेश म्हणाला, "काकांचा हात पाह्यजे." हाताचं काही नव्हतं हे दामिनीला ठाऊक होतं. प्रोग्रामचा परवाना पहिल्या दिवशी ज्या नावानं घेतला त्याच नावाला बांधलेला होता. चेन्नईच्या कंपनीला एक मेल लिहिली असती तर सुटला असता. पण काकांचा चेहरा उजळला होता.

"चार महिने राहिले मले रिटायरले," ते म्हणाले. "तवापर्यंत राहू दे ना, माय. मी गेल्यावर लाव ज्याचं त्याचं."

चार महिने. तिनं 'होय' वर खूण केली आणि खाली सही केली.

त्याच दुपारी साठ्यात पहिली नोंद पडली. दामिनीनं उघडून दाखवली. तारीख, वेळ, मशीनचं नाव, आणि पुढे 'देवीदास'. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मुंबईले गेलं माहं नाव?"

"सगळ्यात पह्यले तुमचंच गेलं, काकाजी."

"भिलाईच्या बाहेर कदी गेलो नाई मी, लग्नकार्यासाठी गावाले जातो तेवढंच," काका म्हणाले, आणि संध्याकाळी घरी जाताना आठ जणांना सांगत गेले.

०

मार्चच्या शेवटी कडुलिंबाला फुलं आली, आणि रायपूरहून प्राची मॅडम आल्या. खरेदीदार कंपनीच्या. मूळच्या नागपूरच्या, शांत आवाजाच्या. त्यांच्या साइटवर उभ्या होत असलेल्या एका खांबाला वेल्डजवळ केसभर चीर गेली होती. त्यांनी त्या प्लेटचा तुकडा दुसरीकडे तपासून घेतला. तीनशे ब्याण्णव. इथल्या सर्टिफिकेटवर होतं चारशे अठरा. खाली सही देवीदास कपगते.

"सही तं मी संध्याकाळी करतो," काका म्हणाले. "दिवसभराचे सारे कागद एकसाथ. फाईलमदी जे राह्यते त्याच्यावर करतो."

गौरव सरांच्या केबिनमध्ये एसी होता तरी काकांच्या मानेवर घाम होता. प्राची मॅडमनी लॅपटॉप फिरवला. साठ्यातली नोंद होती. अकरा मार्च. चार वाजून दोन मिनिटांनी मशीननं निकालाची फाईल लिहिली. चार वाजून बारा मिनिटांनी ती फाईल हातानं उघडली, बदलली, पुन्हा ठेवली. नाव: देवीदास.

काकांनी बराच वेळ त्या नावाकडे पाहिलं. जानेवारीत पाहिलं होतं तेच नाव, तीच अक्षरं.

"चार वाजता मी चहाले जातो," ते हळू म्हणाले. "बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. रोजच. मंग यादव ड्रायव्हरसंगं बोलत बसतो पंधरा-वीस मिनिटं."

"त्याची काही नोंद आहे?" प्राची मॅडमनी विचारलं. वाईटपणानं नाही, खरंच विचारलं.

"चहाची कायची नोंद, मॅडम?"

"यादव सांगतील?"

यादव ड्रायव्हर होळीला गावाला गेला तो परत आलाच नव्हता. फोन लागत नव्हता.

दामिनी उभी राहिली. "मॅडम, त्या कॉम्प्युटरवर सगळेच काकांच्या नावानं बसतात. दोन्ही पाळ्या. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे."

"दामिनी," गौरव सर म्हणाले, "सोच के बोलो."

"सोचके ही बोल रही हूँ, सर."

प्राची मॅडमनी फाईलमधून एक कागद काढला. प्रत्येकजण स्वतःच्याच लॉगिननं काम करतो का? होय. खाली दामिनीची सही, तिच्या ओळखीची, 'वाघाये' मधल्या घ ची शेपूट लांब ओढलेली.

"हे खोटं आहे?"

"हो."

"मग यातलं अजून किती खोटं आहे?" मॅडमनी कागद खाली ठेवला. "मी तुमचं ऐकू की या नोंदीचं? तुम्ही काल एक लिहिलं, आज एक म्हणता. नोंद तर तीच राहिली आहे ना? आणि ती तशीच राहावी म्हणून कुलूप तुम्हीच लावलंय."

नरेशला बोलावलं. तो हेल्मेट छातीशी धरून दारातच उभा राहिला. त्यानं कोणाकडेच पाहिलं नाही.

"मी माह्या लॉगिननं बसतो, मॅडम."

दामिनी म्हणाली, "नरेशभाऊ!" तिला पुढे अजून बोलायचं होतं. कोणत्या दिवशी कोणतं लॉगिन चाललं, नरेशचं नाव साठ्यात एकदाही कसं नाही, ते सगळं ती उघडून दाखवणार होती. साठ्यात ते होतं. तिनं लॅपटॉपकडे हात केला, आणि काकांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"बस कर, पोरी."

"काकाजी, दिसते ते! नरेशभाऊचं नाव कदीच नाई तिथं, मी दाखवतो..."

"दाखवशीन तं काय होईन? नरेश जाईन. त्याच्या मांगं ज्यानं त्याले सांगतलं तो राहीन." काकांनी गौरव सरांकडे पाहिलं नाही, पण गौरव सर खिडकीबाहेर पाहायला लागले. मग काका प्राची मॅडमकडे वळले. "सहा वर्ष मी साऱ्याईले सांगत आलो का हे मशीन माह्या हातानं चालते. कोनी बसलं तरी हात माहा. खुशीनं सांगतलं, मॅडम, छाती फुगवून सांगतलं. आता कोन्या तोंडानं म्हनू का तो हात माहा नव्हता?"

"म्हणजे तुम्ही बदलली फाईल?"

काकांनी तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते जमेना. "सही माही आहे," ते शेवटी म्हणाले. "आन नाव माहं आहे."

प्राची मॅडमनी तेवढंच लिहून घेतलं. तेवढं पुरे होतं.

सायकल स्टँडवर दामिनीनं नरेशला गाठलं. तो किल्ली लावत होता आणि किल्ली लागत नव्हती.

"तुमीच होते ना?"

"गाडी गेटवर उभी होती, ताई. वरून फोन आला, लोड करा म्हने. एकच प्लेट." नरेशनं घाम पुसला. "मले का मालूम होतं का तुह्या बादलीत सारं पडते?"

"मंग आता तं सांगा."

"सांगतो तं मी जातो. माहे अठरा वर्ष राहिले. काकाचे पंचेचाळीस दिवस." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. "तूच हिशोब कर. शिकलेली आहेस ना तू?"

०

दुसऱ्या दिवशी काकांना गेटवर कामावरून काढल्याचा कागद मिळाला. निरोपाचा नारळ नाही, शाल नाही. वॉचमननं रजिस्टरमध्ये बाहेर जाण्याची वेळ लिहून घेतली.

दामिनीनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत साठा उघडला. आपण काय करतोय हे तिला माहीत होतं. अकरा मार्चची ती एक फाईल निवडली आणि पुसायची आज्ञा दिली. नकार आला. सर्वांत वरच्या खात्यानं आत शिरून पुन्हा दिली. नकार. कुलूप सैल करून पाहिलं. नकार, आणि खाली तारीख: पाच वर्षांनंतरची. पडदा तिच्यावर रागावला नाही, ओरडला नाही. ज्या सरळपणानं काका खराब प्लेटवर लाल पट्टा ओढत, तसंच त्यानं तिला नाही म्हटलं. कुलूप चांगलं लागलं होतं. तिनं आयुष्यात केलेलं हे सर्वांत नीट काम होतं.

मग तिच्या लक्षात आलं की तिच्याही कॉम्प्युटरमध्ये राखणदार बसलेला आहे. काही मिनिटांनी साठ्यात नवी नोंद येऊन पडली. वेळ, मशीनचं नाव, आणि पुढे 'दामिनी'.

संध्याकाळी ती खुर्सीपारला काकांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं. ताराकाकू नेहमी आधी पाणी द्यायच्या, मग बोलायच्या. आज बोलल्या आधी.

"माह्या नावानं उघडत होते म्हने सारे. मले हसू याचं ऐकून. माह्याच नावानं यायले बाहेर काहाडलं." त्यांचा आवाज चढला नाही. "तुले तं समजत होतं ना, बाई? आमी अडानी. तू कावून नाई थांबवलं?"

"चुकलं, काकू."

"चुकलं," काकू म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

काका पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून. अंगात कारखान्याचाच शर्ट होता. दुपारपासून बदलला नव्हता. समोर स्टीलचा पेला. घरात कोणतंही भांडं आलं की नखानं टिचकी मारून आवाज ऐकायची त्यांची सवय. भांड्याच्या दुकानदारांशी त्यावरून भांडणं व्हायची, काकू सांगायच्या. आज चहा पिऊन झाला तरी पेला तसाच होता. त्यांनी त्याला बोट लावलं नाही.

"काकाजी, मी लेबर ऑफिसमदी चालतो तुमच्यासंगं. मी लिहून देतो का फॉर्म खोटा होता. नोकरी गेली तं गेली."

"मी फाईल नाई बदलली हे लिहून देशीन?"

ते तिनं पाहिलं नव्हतं. चार वाजून बारा मिनिटांनी ती दुसऱ्या इमारतीत प्रिंटरशी झगडत होती. तिला माहीत होतं, जसं ऊन ऊन आहे हे माहीत असतं. पण पाहिलं नव्हतं, आणि लिहून द्यायचं म्हणजे पाहिलेलं द्यायचं. हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

"पाहा," काका म्हणाले, जणू तिला तोंडी परीक्षेत बरोबर उत्तर आलं.

मग त्यांनी विचारलं,

"पाच वर्ष राहीन माहं नाव तिथं?"

"हो."

"मंग जाईन?"

"मंग जाईन. आपोआप."

काकांनी बोटं मोजली. ती वर्षं होती की स्वतःचं वय, तिला कळलं नाही. "तवापर्यंत मी राह्यलो तं सांगजो मले," ते म्हणाले. "नाई राह्यलो तं तुह्या काकूले सांगजो. का पुसलं गेलं म्हना."

"काकाजी, तुमी पोरीले दोष द्या ना. रागवा तरी."

"कायले? मीच म्हनलो होतो ना, चावी घरवाल्याजवळबी नसावी." ते थोडं हसले. ते हसू अर्ध्यावर थांबलं आणि तोंडावर तसंच राहिलं, तुटलेल्या नमुन्याच्या टोकासारखं, दुसऱ्या टोकाला न जुळणारं.

ती निघाली तेव्हा काकू दारापर्यंत आल्या नाहीत.

०

सोमवारी गौरव सरांचा निरोप आला: टेस्टिंग बंद राहू शकत नाही, ज्याचं त्याचं लॉगिन करा. दामिनीनं चेन्नईला मेल लिहिली. तीन ओळींची. परवाना दुसऱ्या नावांवर करून द्यावा, ही विनंती. तिनं घड्याळ पाहिलं नव्हतं, पण मेलवर वेळ असतेच. उत्तर अकरा मिनिटांनी आलं. झालं आहे, धन्यवाद.

अकरा मिनिटं. जानेवारीत तिनं नऊ दिवस या खोलीत बसून काढले होते.

टेस्टिंग रूमच्या दाराशी चपलांची जागा रिकामी होती. तिनं आधी काकांचं लॉगिन काढलं. 'नक्की का?' असं स्क्रीननं विचारलं, तिनं होय म्हटलं. फॉर्मवरच्या त्या होयनंतर हा दुसरा होय. मग नरेशला बोलावलं. तो खुर्चीत बसला नाही, उभ्यानंच वाकून आपलं नाव आणि आपला पासवर्ड टाकला. त्याची बोटं दोनदा चुकली.

"नाई होनार, ताई," तो पुटपुटला. त्या आवाजात जवळजवळ प्रार्थना होती. "गोठते पाहा आता. काकांबिगर नाई होत."

दामिनीही थांबली. तिला सगळं माहीत होतं, परवाना, मेल, सगळं. तरी ती मनात म्हणाली, गोठ. एकदा तरी गोठ.

प्रोग्राम उघडला. एका झटक्यात, जानेवारीत काकांच्या हाताखाली उघडायचा त्याहून लवकर. नरेशनं नमुना जबड्यांत बसवला, मशीननं ओढायला सुरुवात केली, लोखंड ताणलं, बारीक झालं आणि टाक् करून तुटलं. आकडा आला. चारशे सव्वीस. पास.

नरेश त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग त्यानं खांबाजवळ हात नेला, थोपटल्यासारखा, आणि न लावताच मागे घेतला. दोन ओळी दोघांनाही पाठ होत्या. दोघांपैकी कोणीच म्हटल्या नाहीत.

लॅपटॉपवर साठा उघडाच होता. एकामागून एक नोंदी येऊन पडत होत्या. देवीदास, खातं काढलं. काढणारी, दामिनी. नरेश, आत आला. नमुना एक, पास. आणि प्रत्येक ओळ पडल्या पडल्या तिच्यावर पाच वर्षांचं कुलूप बसत होतं.